टाकळी ढोकेश्वरची विहीर

कल्याणहून नगरकडे येताना माळशेज घाट चढला, आळेफाटा मागे टाकला की पुढे पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर लागतं. डोंगरात कोरलेल्या ढोकेश्वराच्या प्राचीन लेण्यांमुळे हे गाव अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. २००९ च्या एप्रिलअखेरीस इथल्या एका विहिरीत बिबट्या पडला. नगर जिल्ह्यात या गोष्टीचं फारसं नवल वाटत नाही. बिनकठड्याच्या विहिरी रानोमाळ पसरलेल्या आहेत. रात्री कुत्र्यामागे किंवा शेळीमागे धावलेलं जनावर त्यांत पडतं आणि पंपाच्या पाइपाला नाहीतर दोराला धरून सकाळपर्यंत तग धरतं. गावातलं कुणीतरी वनखात्याला कळवतं, दोरांनी बांधलेली बाज किंवा पिंजरा आत सोडला जातो, आणि ओलाचिंब, थकलेला बिबट्या वर येतो. टाकळीचा बिबट्याही असाच वर आला. तो वयस्क नर होता, म्हणून त्याला ‘आजोबा’ हे नाव पडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने वनखात्याच्या सहकार्याने त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला, कातडीखाली ओळखीची चीप घातली आणि त्याला माळशेज घाटातल्या जंगलात सोडण्यात आलं. पकडलेला बिबट्या गावापासून दूर, ‘त्याच्या घरी’ म्हणजे जंगलात नेऊन सोडायचा, असा तेव्हाचा रिवाज होता. आजोबाला मात्र ते घर पटलं नाही. तो घाट उतरून कोकणात गेला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून वाट काढली, खाडी पोहून पार केली आणि महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोहोचला. वाटेत तो असंख्य वस्त्यांच्या कडेने गेला. त्याने एकाही माणसाला इजा केली नाही, आणि बहुतेकांना तो आपल्या परसातून गेल्याचं कळलंही नाही.

जनावरांविषयी लोकांना काय वाटतं, हे जगभर बहुधा प्रश्नावली हातात घेऊन विचारलं जातं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या स्टीफन केलर्ट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्यासाठी अशी पाहणी केली आणि माणसांच्या वृत्तींचे प्रकार पाडले: उपयोग पाहणारे, नीतीचा विचार करणारे, माया करणारे, किळस करणारे. आवडत्या प्राण्यांत कुत्रा आणि घोडा वर होते, झुरळ, डास आणि उंदीर तळाशी. अशा पाहण्यांतून बरंच शिकायला मिळतं. पण त्यांच्यामागे एक गृहीत आहे, ते असं की वृत्ती आधी मनात तयार होते आणि मग वागण्यात उतरते. नगर, संगमनेर, अकोले, जुन्नर या पट्ट्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास मला याच्या नेमकं उलट सांगतो. जनावराविषयीची वृत्ती वहिवाटीत असते. गोठ्याला दार आहे का, शेळ्या रात्री कुठे बांधल्या जातात, दारात कुत्रं आहे का, उसाला दारं धरायला माणूस किती वाजता जातो, विहिरीत पडलेल्या जनावराभोवती गर्दी किती जमते, यात ती दिसते. वहिवाट शाबूत असेल तर बिबट्याचा राग करणारा माणूसही त्याला जगू देतो. ती मोडली तर देव मानणारा माणूसही रॉकेलचा डबा घेऊन रस्त्यावर येतो.

या इतिहासाला जुनी पार्श्वभूमी आहे आणि ती रक्ताची आहे. इंग्रजी अमलात वाघ, बिबट्या आणि लांडगा यांची गणना शेतीच्या शत्रूंत होत असे. मारून आणलेल्या जनावराचं कातडं कचेरीत दाखवलं की बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडलेला हिशोब असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. याच काळात इंग्लंडात आणि इथल्या मोठ्या शहरांत प्राणिदयेची चळवळ बाळसं धरत होती. इंग्लंडच्या संसदेने गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १८२२ मध्येच केला होता, आणि मुंबईत प्राणिक्रौर्याला आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पुढाकाराने उभी राहिली. गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या पाठीवरचा वळ पाहून कळवळणारं सरकार बिबट्याच्या कातड्यासाठी रोख पैसे मोजत होतं, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती, कारण दया ही मालकीच्या जनावरापुरती होती. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे चित्र पालटलं. ज्याला मारल्यावर आजोबा-पणजोबांना बक्षीस मिळालं त्याला मारल्यास नातवाला तुरुंग, एवढा मोठा बदल दोन-तीन पिढ्यांत झाला. दोन्ही हुकूम वरून आले. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला बक्षीस लावताना कुणी विचारलं नव्हतं आणि बंदी घालतानाही विचारलं नाही.

त्या माणसाची स्वतःची एक रीत होती. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई ते हरिश्चंद्रगड या डोंगररांगेच्या कुशीतल्या मुलखाला डांगाण म्हणतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही वस्ती, डांगी गाईबैलांचा हा मुलूख. इथे गावोगावी वाघोबाचं ठाणं असतं. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे वाघाचं शिल्प कोरलेली शिळा. अश्विन वद्य द्वादशीला देशावर सवत्स धेनूची पूजा होते, वसुबारस साजरी होते. डांगाणात याच तिथीला वाघबारस असते. गुराखी वाघोबापुढे दूधतांदळाची खीर ठेवतात, पोरं वाघाचं सोंग घेतात, आणि वर्षभर गुरांना सांभाळ असं मागणं मागितलं जातं. एकाच दिवशी एका टोकाला गाय पुजली जाते आणि दुसऱ्या टोकाला गाय खाणारा पुजला जातो, यात काही तुटत नाही, कारण दोन्ही पूजांचा विषय एकच आहे: गोठ्यातलं जनावर जगावं. वाघोबाशी केलेला हा व्यवहार आहे. तो आपली हद्द पाळील, आपण आपली पाळू. बोलीत बिबट्यालाही ‘वाघ’ किंवा ‘वाघरू’ म्हणतात, त्यामुळे पट्टेरी वाघ या डोंगरातून गेल्यावरही वाघोबाचा मान रिकामा राहिला नाही.

बिबट्या डोंगरातून सपाटीवर आला तो पाण्यामागे. भंडारदऱ्याला प्रवरेवर बांधलेलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे उतरलं, त्यामागून ऊस आला, खासगी कारखाने आले, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. पुढच्या काळात सहकार आणि ऊस ही या जिल्ह्याची ओळखच झाली. बिबट्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे माणसाने स्वतःच्या हाताने लावलेलं दाट रान. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो; मादीला पिल्लं वाढवून आपल्या पायांवर उभी करायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. आत सावली, ओलावा आणि आडोसा आहे, बाहेर वस्तीवर कुत्री, मांजरं, डुकरं, कोंबड्या आहेत. अशा उसात जन्मलेल्या बिबट्याने जंगल कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून ‘जंगल तुटलं, म्हणून बिबट्या गावात आला’ हे नेहमीचं वाक्य या भागापुरतं तरी अपुरं आहे. तो गावात आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो गावातच राहतो आहे, आणि उसाची तोड सुरू झाली की त्याचं घर दरवर्षी पायाखालून काढून घेतलं जातं.

याच गैरसमजातून पुढचा अनर्थ घडला. १९९० च्या दशकात शेजारच्या जुन्नर वनविभागात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. २००१ च्या सुरुवातीला वनखात्याने मोठी मोहीम हाती घेतली. पिंजऱ्यात शेळी नाहीतर कुत्रं बांधायचं, बिबट्या अडकला की त्याला चाळीस-एक किलोमीटरवरच्या डोंगरी जंगलात नेऊन सोडायचं. दोन-तीन वर्षांत शंभरावर बिबटे पकडले गेले. हेतू वाईट नव्हता. खरं तर त्यात दोन्हीकडची दया होती. गावकऱ्यांची भीती जाईल आणि जनावरही न मारता ‘मूळ घरी’ जाईल, असा विचार होता. पण मोहीम सुरू झाल्यावर हल्ल्यांची वार्षिक सरासरी चारावरून सतरावर गेली, आणि हल्ल्यांपैकी माणूस दगावण्याचं प्रमाण दुप्पट झालं. जिथे बिबटे सोडले गेले त्या भागाजवळ हल्ले वाढले. विद्या अत्रेय, मोर्टेन ओडेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंत यांनी हा सगळा हिशोब २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडला, तेव्हा सद्भावनेने केलेल्या स्थलांतराची किंमत आकड्यांत दिसली.

हे का घडलं, ते बिबट्याच्या बाजूने पाहिलं तर लगेच उमगतं. प्रत्येक प्रौढ बिबट्याची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत कोणत्या वस्तीवर कुत्री जागी असतात, कोणत्या वाटेने माणूस पहाटे जातो, कुठे लपायला जागा आहे, हे त्याला वर्षांच्या सरावाने ठाऊक असतं. माणसाला टाळण्याचं त्याचं सारं कौशल्य या ओळखीवर उभं असतं. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं की ते कौशल्य निकामी होतं. पिंजऱ्याच्या गजांवर डोकं आपटून, सुळे मोडून घेऊन, गर्दीच्या आरडाओरड्याने बिथरलेलं ते जनावर परक्या रानात भुकेलं फिरतं आणि घराच्या दिशेने चालायला लागतं. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द फार दिवस मोकळी राहत नाही. एखादा तरुण, अननुभवी बिबट्या ती धरतो, आणि त्याला ना वस्ती ठाऊक असते ना वस्तीला तो. आजोबाच्या प्रवासाचं मोल इथे आहे. एका बिबट्यावरून सिद्धान्त ठरत नाही हे खरं. पण सोडलेल्या जागी तो थांबत नाही, हे त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याने नकाशावर बिंदू टाकत दाखवून दिलं, आणि आकड्यांतली गोष्ट लोकांना डोळ्यांपुढे दिसली. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी या प्रवासावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही काढला. तोवर सरकारी धोरणही बदललं होतं. एप्रिल २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, पकडलेला दूर नेऊन सोडू नये, गर्दी आवरावी, असा त्यांचा रोख होता.

पिंजरा मात्र गेला नाही, कारण पिंजऱ्याला आणखी एक उपयोग आहे. वासरू उचललं गेलं, की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीकडून, पुढाऱ्याकडून, वर्तमानपत्रातून एकच मागणी येते: पिंजरा लावा. तो लावला की काहीतरी केल्याचं दिसतं. गोठ्याला जाळी बसवणं, विहिरीला कठडा बांधणं, शाळेत पोरांना समजावणं यांना फोटो नाही, उद्‌घाटन नाही. अधिकाऱ्याने पिंजरा नाकारला आणि पुढच्या आठवड्यात काही विपरीत घडलं तर त्याचा दोष त्याच्या माथी येतो. पिंजरा लावून विपरीत घडलं तर येत नाही. अशा हिशोबात शहाणपण हरतं. पकडलेल्या आणि पुन्हा सोडता न आलेल्या जनावरांची रवानगी जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात होते. तिथे उपचार मिळतात, खाणं मिळतं, देखभाल मनापासून होते. तरी दहा-बारा चौरस किलोमीटरच्या मुलखावर हिंडणाऱ्या जनावराने उरलेलं आयुष्य गजांआड काढावं, याला मी प्राणिकल्याण म्हणू शकत नाही. नाइलाज म्हणेन.

पर्याय होता, आणि तो कुठे परदेशात नव्हता. अकोल्याच्या आसपासच्या प्रवरेच्या खोऱ्यात अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे एका चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक माणसं राहतात आणि हरणासारखं जंगली भक्ष्य जवळजवळ नाही, अशा शेतीच्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस आढळले. माणसांनी एवढ्या गजबजलेल्या मुलखात अशी घनता विरळाच. त्याच भागातल्या विष्ठेच्या तपासणीतून कळलं की बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशोबाने, ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आहे, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. या शेवटच्या आकड्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. शेळ्या कमी का मारल्या जातात? त्या रात्री आत घेतल्या जातात म्हणून. दिवसा त्यांच्यामागे राखणारं माणूस असतं म्हणून. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याने कोणतंही प्रेम जाहीर न करता, कोणत्याही मेळाव्याला न जाता, कुडाच्या आणि दाराच्या भाषेत बिबट्याशी तह केलेला आहे.

या अभ्यासात नॉर्वेचे शास्त्रज्ञ सहभागी होते, आणि त्यांच्या देशाशी तुलना करून पाहण्याजोगी आहे. नॉर्वेत माणसं थोडी, जंगल उदंड, देश श्रीमंत, प्राण्यांना वागवण्याविषयीचे कायदे कडक. तिथे लांडगे मोजून काही डझन असतात. तरीही लांडगा किती असावा यावर तिथे निवडणुकीतही वाद होतात, मोर्चे निघतात, न्यायालयात खटले चालतात. नॉर्वेच्या शेतकऱ्याचं काळीज अकोल्याच्या शेतकऱ्याहून कठोर आहे, असं कुणी म्हणणार नाही. फरक वहिवाटीचा आहे. तिथे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हिंस्र जनावरं जवळजवळ संपवली गेली, त्याबरोबर मेंढ्या राखायची गरज संपली, आणि आता उन्हाळ्यात वीस लाखांच्या आसपास मेंढ्या राखणीशिवाय डोंगरात मोकळ्या चरतात. लांडगा कायद्याच्या संरक्षणाखाली परत आला, मेंढपाळाची काठी आणि कुत्रं परत आलं नाही. लांडग्याशिवाय जगण्याची सवय झालेल्या समाजाला त्याच्यासह जगणं नव्याने शिकावं लागतं, आणि ते शिकणं भाषणांनी होत नाही. आपल्याकडे ही विद्या अजून कुणी शिकवावी लागत नाही. म्हणूनच ती मोडू देणं अधिक दुःखाचं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे वाघोबाचं गोड चित्र आहे. पुजणारे लोकही बिबट्या मारतात, रानडुकरांसाठी लावलेल्या फाशांत अडकलेला बिबट्या तडफडून मरतो, विष घातलेलं मढं खाऊनही मरतो. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मी श्रद्धेवर माझं म्हणणं उभं करत नाही. वाघोबाचं ठाणं जिथे आहे तिथे बिबट्या सुरक्षित, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. डांगाणाबाहेरच्या बागायती भागात, जिथे वाघबारस ठाऊकही नाही, तिथेही शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं बिबट्याला खपवून घेतलं आहे. ऊसतोडीत सापडलेली पिल्लं हात न लावता तिथेच टोपलीत ठेवायची, माणसांनी दूर व्हायचं, अंधारात मादी येऊन त्यांना घेऊन जाते, हे संगमनेर-जुन्नर भागातल्या कित्येक शेतांत झालेलं आहे, आणि त्यासाठी शेतकऱ्याने चालू तोड थांबवलेली असते. कारखान्याची गाडी दारात उभी असताना एक रात्र तोड थांबवणं म्हणजे काय, हे ऊस पिकवणाऱ्यालाच कळेल. श्रद्धा या वहिवाटीला आधार देते, तिला शब्द देते, पण वहिवाट तिच्याशिवायही उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप फार जड आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणं अमानुषपणाचं होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यांत लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला गेला, वनखात्याच्या मालमत्तेची जाळपोळ झाली, आणि शेवटी तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. पाठोपाठ नगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातही माणसं दगावली. ज्या आईचं मूल अंगणातून गेलं तिच्यापुढे घनतेचे आकडे ठेवायचे नसतात. माणसांवर वारंवार हल्ला करणारं जनावर ओळख पटवून काढून टाकावं लागतं, प्रसंगी मारावं लागतं. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात त्याची सोय पहिल्यापासून आहे, आणि सहजीवनाची बाजू घेणाऱ्यांनी ती नाकारू नये. पण मग ‘बिबटे वाढले, म्हणून हे घडलं’ एवढ्याने हिशोब पुरा होतो का? २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे अंदाजले गेले, २०१८ मध्ये ते १,६९० होते. वाढ आहे. मात्र ही गणना मुख्यतः जंगलांची आहे, उसातल्या बिबट्यांचा भरवशाचा आकडा तिच्यातून निघत नाही. केंद्राने आता जुन्नर भागात मोजक्या बिबट्यांवर प्रजनन-नियंत्रणाचा प्रयोग करायला मंजुरी दिली आहे. प्रयोग म्हणून तो अवश्य व्हावा. परंतु त्याचबरोबर शेकड्याने बिबटे पकडून दूर न्यायची भाषाही पुन्हा सुरू झाली आहे. ती ऐकली की २००१ ते २००३ चे आकडे डोळ्यांपुढे येतात. ते आकडे याच मातीतले आहेत, आणि हाच प्रयोग पुन्हा केला तर त्याचा भुर्दंड पुन्हा कुणाच्या तरी अंगणात पडेल.

वहिवाट मोडते कशाने, हे पाहायला हवं, आणि इथे दोष बिबट्याचा नाही, शेतकऱ्याचाही नाही. शेतीपंपांना कित्येक आठवडे रात्रीच्या पाळीने वीज मिळते. मग हिवाळ्यातल्या मध्यरात्री बॅटरी घेऊन, चिखलात वाकून, उसाला दारं धरायला माणूस जातो, नेमका बिबट्याच्या फिरण्याच्या वेळी. ज्या हद्दी वेळेने वाटून घेतलेल्या होत्या, दिवस माणसाचा आणि रात्र त्याची, त्या वीजमंडळाच्या वेळापत्रकाने एकमेकांवर चढवल्या. दिवसा वीज द्या, ही या भागातली जुनी आणि सर्वांत समंजस मागणी आहे. बिबट्याच्या कल्याणाची इतकी नेमकी योजना कोणत्याही प्राणिमित्र संस्थेने मांडलेली नाही. सौर कृषी वाहिनी योजनेचा एक प्रारंभीचा प्रकल्प राळेगणसिद्धीला झाला, म्हणजे टाकळी ढोकेश्वर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात. दिवसा मिळणारी वीज प्रत्येक शेतापर्यंत पोहोचणं मात्र अजून बाकी आहे. दुसरी गोष्ट कोप्यांची. पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबं तोडणीच्या फडाजवळच पाचटाच्या कोपीत राहतात. कोपीला दार नसतं, शौचाला आडोसा नसतो, आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात गेले की लेकरं उघड्यावर असतात. तोडीने बिबट्याही त्याच आठवड्यात बेघर झालेला असतो. बिबट्याचा धोका सर्वांना सारखा नाही. ज्याच्या घराला दार नाही त्याला तो सर्वांत जास्त आहे.

भरपाईचीही हीच गोष्ट. महाराष्ट्रात माणूस दगावल्यास २५ लाख रुपये मिळतात, गुरं मारली गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत. देशातल्या अनेक राज्यांच्या मानाने ही व्यवस्था बरी आहे. पण दोन शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या बाईला पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला आणि बँकेची खेप यांत चार रोज मोडावे लागले, तर शेळीबरोबर तिची मजुरीही बिबट्याने खाल्ली असं होतं. अमेरिकेत यलोस्टोनला १९९५ मध्ये लांडगे परत आणले गेले, त्याच्या आधीच, १९८७ पासून, एक खासगी संस्था लांडग्यांनी मारलेल्या गुरांचे पैसे पशुपालकांना देत होती. लांडगा हवा असलेल्यांनी त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यामागे होतं. शहरातल्या माणसाला बिबट्या जगावासा वाटतो, आणि ती इच्छा खोटी नाही. मात्र तिची किंमत आज अकोल्याची शेळी, पारनेरचं कुत्रं आणि फडातलं लेकरू देत आहे. ही किंमत वेळेवर आणि मानाने परत मिळाली, तर शेतकऱ्याच्या मनात बिबट्याविषयी काय आहे, हे विचारायला प्रश्नावलीची गरज उरणार नाही.

आजोबा मुंबईच्या जंगलात पोहोचल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या पट्ट्याचे संदेश बंद झाले. त्यानंतर तो अडीच वर्षं त्या महानगराच्या कडेने राहिला. पारनेरचा बिबट्या आपल्या शेजारी आहे हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याविषयी तक्रार येण्याचं कारणही घडलं नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने एक नर बिबट्या मेला. त्याच्या कातडीखालची चीप तपासली, तेव्हा तिच्यावरचा क्रमांक टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या बिबट्याचा निघाला.